डॉक्टर मॅडम, मेंढरं आता चरतायत

आदरणीय डॉक्टर मॅडम,

श्रावणात जेजुरीच्या अलीकडं, कऱ्हेकाठी आमच्या वाड्यापाशी तुम्ही गाडी थांबवलीत, त्या सकाळीच आमची चौथी मेंढी गेली होती. गडबडीत आभार मानायचे राहिले, म्हणून हे पत्र.

जंताचा संशय आम्हाला आलाच नव्हता. हगवण नाही, मग जंत कुठले? जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायची, तीही संध्याकाळी, रात्रीतून ओसरायची. आजीचं म्हणणं, काहीतरी चावलंय. तुम्ही एका मेंढीची खालची पापणी अंगठ्यानं ओढून दाखवलीत. आत लालीचा पत्ता नाही, पांढरीफटक. हा जंत रक्त पितो, मादी दिवसाला हजारो अंडी घालते, लेंडीतून ती बाहेर पडतात आणि पिल्लं ओल्या गवतावर चढून बसतात, हे तेव्हा कळलं. आणि आम्ही दवातच मेंढरं सोडत होतो!

खरी शरम वाटली ती मापाची. अल्बेंडाझोल, म्हणजे जंताचं औषध, आम्ही पाजत होतोच की; दुकानात सांगितलं होतं, लहानमोठं सगळ्यांना 5 मिली. तुम्ही पोत्याची झोळी करून मेंढी काट्याला टांगलीत. 30 किलो. किलोमागं 7.5 मिलिग्रॅम धरले, बाटलीतल्या एका मिलीत 25, म्हणजे 9 मिली लागणार. कमी औषधानं जंत मरत नाहीत, उलट त्याला सरावतात, हे ऐकून वडील बराच वेळ गप्प होते. नुकत्या गाभण राहिलेल्या मेंढ्या तुम्ही बाजूला काढायला लावल्यात, त्यांना हे औषध चालत नाही म्हणून.

पाजायची रीतही चुकत होती. मी मुंडकं आभाळाकडं करून ओतायचो. तुम्ही माझा हात खाली दाबलात, "फुप्फुसात घालायचंय का?" आणि ओठाच्या कडेनं सिरिंज जिभेच्या मागं नेऊन हळू सोडलंत. ती मेंढी ठसकलीसुद्धा नाही.

चौदाव्या दिवशी लेंड्या तपासायला मी लोणच्याच्या बरणीत घेऊन आलो, तरी तुम्ही हसला नाहीत. अंडी जवळजवळ संपलीत म्हणालात. त्यानंतर एकही जनावर दगावलं नाही. आता उन्हं वर आल्याशिवाय मेंढरं सोडत नाही, आणि दर आठवड्याला पापण्या बघायचं काम आजीनं स्वतःकडं घेतलंय. चष्मा लावून बसते.

बरणी मात्र परत नको. आई ती घरात घेणार नाही.

आपला,
कऱ्हेकाठचा मेंढपाळ