वनमंत्री साहेब, खानापूरचे मातीचे रस्ते सायकलला उघडे ठेवा

मा. वनमंत्री साहेब, कर्नाटक सरकार, यांना बेळगावहून नमस्कार.

डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन लागलं की तुम्ही इथल्या सुवर्णसौधला येता. तिथनं पश्चिमेकडं गाडी काढली की तासा-दीड तासात जांबोटी येतं, आणि जांबोटीच्या आजूबाजूला अन् पुढं जो मुलूख आहे त्याच्याबद्दल हे पत्र आहे. कन्नडमधली प्रत तुमच्या ऑफिसला वेगळी पाठवतोय, इथं मराठीत लिहितोय कारण या रस्त्यांवर रोज चालणारी माणसं मराठी बोलतात आणि मी लिहिलंय ते बरोबर की चूक हे त्यांनीच सांगायला पायजे.

मी उद्यमबागेतल्या कारखान्यात टर्नर आहे, वय 47. सुट्टीच्या दिवशी आम्ही पाच-सहाजण सायकली घेऊन पहाटे बाहेर पडतो. आधी आम्ही डांबरी रस्त्यानंच जायचो, पिरनवाडीवरनं जांबोटी, कधी कणकुंबीपर्यंत. पण तोच रस्ता चोर्ला घाटातनं गोव्याला जातो, त्यामुळं सकाळी सातनंतर त्याच्यावर टिपर, भाजीच्या गाड्या, वीकेंडला गोव्याला निघालेल्या कार, सगळं एकदम सुरू होतं आणि सायकलवाल्याला कडेची ती हातभर खड्ड्यांची पट्टी उरते. दोन वर्षांमागं माझ्या पुतण्याला एका टिपरचा आरसा लागला, पोरगं उडून गटारात पडलं, गळ्याजवळचं हाड मोडलं, टिपर थांबला पण नाही. पोराची बारावी होती त्या वर्षी. त्याच्या आईनं सायकल माळ्यावर टाकली आणि मला सांगितलं, भावजी, परत त्याला त्या रस्त्याला न्यायचं नाही. मी शब्द दिला, आजपर्यंत पाळलाय.

पण सायकल सोडवेना. मग आम्ही मातीचे रस्ते शोधायला लागलो आणि तेव्हा कळलं की आपल्या दारात काय आहे. राकसकोप धरणाच्या मागच्या बाजूनं बेळगुंदीच्या रताळ्याच्या शेतांमधनं जाणारी वाट घ्या, तासभर चाललं तरी एखादी बैलगाडी नाहीतर दुधाचे कॅन लावलेली एखादी एम-एटी, बास. तिथनंच महाराष्ट्रातल्या तुडयेकडं वळलं की मैलाच्या दगडावरची अक्षरं कन्नडची मराठी होतात, रस्ता तोच, माती तीच तांबडी. खानापूरच्या पश्चिमेला तर काय सांगू, मुरमाच्या वाटा, जांभ्या दगडाचे चढ, दोन्ही बाजूला झाडी, ओढ्यावर चाक बुडेल एवढं पाणी, आणि आवाज म्हणाल तर फक्त आपल्याच टायरखालच्या खडीचा. पुतण्या परत सायकलवर बसला तो याच वाटांवर, आणि त्याची आईच त्याला पाण्याची बाटली भरून देती आता.

याला बाहेर ग्रॅव्हल बायकिंग म्हणतात. हँडल रेसिंग सायकलसारखं वाकडं, टायर मात्र 40 मिलिमीटरच्या आसपास रुंद, हवा कमी ठेवायची म्हणजे खडीवर चाक उडत नाही. अशी सायकल महाग येते हे खरंय, पण आमच्यातल्या तिघांनी जुन्याच सायकलींना रुंद टायर घालून काम भागवलंय आणि चालतंय की. आणि मातीच्या रस्त्यावरची सायकल काय आम्ही शोधून काढलेली नाही. तुमच्याच सरकारनं 2006-07 पासून आठवीच्या मुलींना सायकली दिल्या, त्या पोरी या अशाच वाटांनी हायस्कूलला गेल्या.

इटलीत तोस्काना म्हणून भाग आहे, तिथं पांढऱ्या खडीचे जुने रस्ते होते, एकेक करून डांबराखाली जायला लागले. 1997 मध्ये गायोले नावाच्या छोट्या गावातनं काही लोकांनी जुन्या सायकली घेऊन त्या रस्त्यांवरनं राइड काढली, हे रस्ते वाचले पायजेत म्हणून. लेरोइका तिचं नाव. आज तिथं पाट्या लावलेला 200 किलोमीटरच्या वरचा कायमचा मार्ग आहे, जगभरनं लोक जातात, आणि 2007 पासून त्याच भागातल्या पांढऱ्या रस्त्यांवर प्रोफेशनल रेस पण होती. खडीचा रस्ता म्हणजे मागासलेपण नव्हे हे त्या लोकांना वेळेवर कळलं. आपल्याकडं अजून वेळ गेलेली नाही म्हणून लिहितोय.

आता अडचण सांगतो. आम्ही कधी वनखात्याच्या एका गेटवर जातो तर गार्ड हसून सोडतो, वर पाणी विचारतो. पुढच्या महिन्यात तेच गेट, तोच रस्ता, दुसरा गार्ड म्हणतो आत जायचं नाही. का विचारलं तर वरनं सांगितलंय. लेखी कुठं आहे? नाही. त्या गार्डचा दोष मी मानत नाही, त्याला पण कुणी काही धड सांगितलेलं नसतं. आणि आम्ही परत फिरत असताना मागनं चार जीपगाड्या, वर लाइटा लावलेल्या, आत गेल्या तेव्हा मात्र मनाला फार लागलं साहेब.

इथलं भीमगडचं जंगल 2011 मध्ये अभयारण्य झालं, 190 चौरस किलोमीटर, आणि ते झालं याचा आम्हाला आनंदच आहे. म्हादई तिथंच देगावच्या बाजूला उगम पावते, मलप्रभा कणकुंबीला माउलीच्या देवळाजवळ. बारापेडेच्या गुहेत रॉटनचं वटवाघूळ राहतं, जगात फार थोड्या ठिकाणी सापडणारं. गवा, अस्वल, बिबट्या, वाघ पण फिरतो. अशा ठिकाणी कुणीही कधीही शिरावं असं आम्ही म्हणत नाही. पण 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या 28 व्या कलमात पर्यटनासाठी परवाना देता येतो असं स्पष्ट आहे, त्यात सायकलला वेगळी मनाई नाही. मग अमुक वाट उघडी, अमुक बंद, सूर्य उगवल्यावर आत आणि दुपारी चारच्या आत बाहेर, एका वेळी एवढीच माणसं, एवढं ठरवून एक पाटी लावायला काय हरकत आहे? जी वाट तुमचे अधिकारी बंद म्हणतील ती बंद, आम्ही वाद घालणार नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत सगळंच बंद ठेवा, त्या पावसात माती मऊ असते आणि चाकांनी चरे पडले की पुढच्या पावसात तिथंच ओघळ होतो.

खरं तर अभयारण्याला हात न लावता पण पुष्कळ होईल. राकसकोप, बेळगुंदी, बिजगर्णी, जांबोटीच्या अलीकडचा पट्टा, हे सगळं बाहेर आहे. जिथं वस्ती नाही तिथल्या जुन्या गाडीवाटांच्या तोंडाला वळणाचा दांडा बसवा, माणूस, गुरं, सायकल जाईल आणि जीप जाणार नाही. दांडा कुलपाचा ठेवा आणि शेतकऱ्याच्या बैलगाडीला, ट्रॅक्टरला त्याची किल्ली द्या, त्याची वाट अडता कामा नये. दिवाळीच्या आधी एकदा मुरूम टाकून रोलर फिरवायचा आणि कडेचा चर मोकळा करायचा, डांबराच्या मानानं हा खर्च किरकोळ आहे. पाणी बाजूला निघून गेलं की मातीचा रस्ता टिकतो, रस्ता खातं ते थांबलेलं पाणीच. पाट्या कन्नडमध्ये असूद्यात, शेजारी मराठीत पण असूद्यात, कारण वाचणार गावातली माणसंच.

इथं एक गोष्ट अगदी नीट सांगायचीय, नाहीतर माझ्यावर राग धरतील लोक आणि तो बरोबरच असेल. जंगलातल्या गावांना रस्ता पायजे. आजारी माणसाला बांबूला झोळी बांधून चार माणसं चिखलातनं खांद्यावर आणतात, हे आमच्या तालुक्यात अजून चालतं, आणि असल्या वाटेचा फोटो काढून शहरातल्या कुणी किती छान रस्ता म्हणावं हे बरं नव्हे. त्या गावांना पूल द्या, पक्का रस्ता द्या, अँब्युलन्स दारात जाऊद्या. मी मागतोय ते दुसऱ्या वाटांबद्दल, ज्यांच्यावर घर नाही, शाळा नाही, ज्या फक्त एका माळावरनं दुसऱ्या माळावर जातात.

आणि पैसा आला तर तो गावात राहूदे. ग्राम अरण्य समित्या आहेतच की, परवान्याची फी त्यांच्याकडं जाऊदे, वाट दाखवायला गावातलाच पोरगा किंवा पोरगी असूदे. मागच्या जानेवारीत एका घरी आम्हाला तांदळाची भाकरी, लसणाची चटणी आणि ताक दिलं, पैसे घेईनात, शेवटी पोरांच्या वह्यांसाठी म्हणून हातात ठेवले. त्याच घरातला मोठा मुलगा गोव्यात हॉटेलात भांडी घासतो. त्याला गावात काम मिळालं असतं तर तो गेला नसता असं त्याची आई म्हणाली.

या डिसेंबरात अधिवेशनाला याल तेव्हा एक सकाळ आम्हाला द्या. तुमच्या उंचीची सायकल, हेल्मेट आम्ही आणतो, टायरमधली हवा मी स्वतः बघतो. सकाळी सहाला पिरनवाडी नाक्यावर उभे राहतो, बारा किलोमीटरच जायचं आणि नऊपर्यंत तुम्हाला परत सोडतो. तुमचे डीएफओ (विभागीय वन अधिकारी) साहेब बरोबर आले तर फार बरं, गेटवरची पाटी कुठं लावायची ते तिथंच दाखवता येईल.

आपला,
तिळकवाडीचा एक सायकलवाला