किरणचं नाव इतक्यात बदलू नकोस

पुणे,
रविवार

प्रिय मंदार,

परवा फोनवर म्हणालास, मुलीचं नाव म्हणून पोरं चिडवतात, पोरगं शाळेतून रडत येतं, राजपत्रात देऊन किरणचं नावच बदलून टाकतो. तेव्हा मला धड बोलता आलं नाही, म्हणून लिहायला बसलोय.

माझं नाव आजीनं ठेवलेलं. शीतलनाथ आमचे दहावे तीर्थंकर. सांगली-कोल्हापूरकडच्या जैन घरांत शीतल नावाचे बाप्ये गल्लोगल्ली भेटतात. मे महिन्यात जयसिंगपूरला गेलो की आमच्या आळीतच थोरला शीतल, धाकटा शीतल आणि पुण्याचा शीतल, म्हणजे मी. तिथं कुणाला त्यात काही वेगळं वाटायचं नाही. एसटी स्वारगेटला लागली की तेच नाव मुलीचं व्हायचं.

आठवीत तुकड्या बदलल्या आणि हजेरीपटात मी मुलींच्यात गेलो. नावाआधी ‘कु.’ होतं, पण ते कुमारलाही लागतं आणि कुमारीलाही. पुढं वडिलांचं नाव, तेही दोघांना सारखंच. त्यात बाईंची काय चूक? मुलांची हजेरी संपली, मुलींची सुरू झाली, आणि मध्येच ‘शीतल’ आलं. माझा आवाज तेव्हा नुकताच फुटत होता. ‘हजर’ म्हणायला तोंड उघडेना. मुली वळून बघायला लागल्या, मागून कुणीतरी शीळ घातली. तेव्हा तू उभा राहिलास. “बाई, शीतल माझ्या बाकावर आहे. त्याचं नाव वर घ्या ना.” बाईंनी चष्मा सारखा केला, लाल पेनानं ती ओळ खोडली आणि मुलांच्या यादीत शेवटी माझं नाव लिहिलं. वर्षभर माझा नंबर मुलांत शेवटचा होता. तुला हे आठवतही नसेल. परवा तुझा फोन ठेवल्यावर मला मात्र रात्री झोप लागली नाही.

पुढं बँकेतून ‘शीतल मॅडम आहेत का?’ असे फोन आले, तिकिटावर ‘स्त्री’ छापून आलं. त्याचं आता काही वाटत नाही. उलट आपल्या पुण्याच्या शीतल महाजननं २००४ साली उत्तर ध्रुवावर पॅराशूटनं उडी मारली, तेव्हा मला घरच्या माणसासारखा अभिमान वाटला. किरणलाही सांग, भारतीय पोलीस सेवेतल्या पहिल्या महिला अधिकारी किरण बेदी आणि भारताचे यष्टिरक्षक किरण मोरे, दोघंही त्याच्याच नावाची.

राजपत्र, शाळेचं रजिस्टर, आधार, खटपट केली की सगळं होतं. पण तू असं परस्पर केलंस तर त्याला एवढंच कळेल की चिडवणारी पोरं बरोबर होती. आजोबांचं नाव आहे म्हणून ठेव, असंही मी म्हणणार नाही. अण्णांना काय वाटेल ते नंतर बघू. आधी त्यालाच विचार, नाव नकोय की चिडवणं नकोय? नावच नको म्हणाला तर अर्ज भरायला मी स्वतः येतो. पण त्याच्या वर्गशिक्षिकांना तू अजून भेटलेला नाहीस मंद्या. उद्याच जा.

दिवाळीच्या सुट्टीत त्याला इकडे पाठव. मी जयसिंगपूरला घेऊन जातो. धाकटा शीतल आता तिथली शेती बघतो, ट्रॅक्टरवर बसवेल त्याला.

वहिनींना नमस्कार. अण्णांच्या गुडघ्याचं डॉक्टर काय म्हणाले ते कळव.

तुझा,
शीतल