टिप्परवाल्याच्या मुलीस

सावईवेरे, फोंडा

चि. गौरीस अनेक आशीर्वाद.

पणजीच्या आझाद मैदानावरचा, आंदोलनातला तुझा फोटो तुझ्या फोनच्या आधी आजीच्या मोबाइलवर पोचला. तिनं तो बोटांनी मोठा करून पाहिला आणि म्हणाली, "पोर किती वाळली गो." तुझ्या फलकावर '३९-अ रद्द करा', म्हणजे जमिनीचा झोन बदलू देणारं नगरनियोजन कायद्यातलं ते कलम रद्द करा, हे तिनं वाचलंच नाही. आईनं वाचलं. तिला परीक्षेची धास्ती.

फोनवर तू म्हणालीस, "बाबा, तुम्ही टिप्परवाले, तुम्हांला काय कळणार?" तेव्हा उत्तर सुचलं नाही, म्हणून लिहितोय.

१९९४ साली मी फोंड्याला कॉलेजात होतो. शेजारच्या केरीत, भूतखांबच्या सड्यावर, म्हणजे वरच्या पठारावर, नायलॉनचा कारखाना येणार होता. आम्हांला रसायनं कितीशी कळत होती! एवढंच ठाऊक की सड्यावर पडलेला पाऊस झरी होऊन खालच्या कुळागरांत, सुपारीच्या बागांत, उतरतो आणि आपल्या पोफळी त्याच पाण्यावर उभ्या आहेत. वर काही सांडलं तर ते खालीच येणार. गावच्या बायका रस्त्यावर बसल्या. आम्ही पोरं लेक्चरं बुडवून त्यांच्या मागं. १९९५ च्या जानेवारीत पोलिसांच्या गोळीबारात आंदोलनातला निलेश नायक गेला. त्या रात्री आजोबांनी मला काही विचारलं नाही. ताट वाढलं आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहिले. कारखाना शेवटी तमिळनाडूला गेला.

आणि मग त्याच मी कर्ज काढून टिप्पर घेतला, खनिज वाहायला. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या. टिप्पर अंगणात उभा राहिला, हौद्यात पावसाचं पाणी साचलं, तू त्यात कागदी होड्या सोडायचीस. तुझी मजा होती. माझा हप्ता थकत होता. पुन्हा सुरू झालं, जरा श्वास घेतला, तर फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खाणींच्या ८८ लीझ रद्द केल्या. मार्चमध्ये पणजीत मांडवीच्या पुलाकडे वाहतूक अडवली, त्या गर्दीत मीही होतो. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. सड्यासाठी बसलेला घसा बँकेसाठी बसला. दोन्ही वेळा मी खोटं बोलत नव्हतो गो.

डिचोलीच्या आत्याचं शेत मात्र डोळ्यांसमोरून जात नाही. एका पावसात खनिजाचा गाळ बांध फोडून आत आला. भाताची रोपं लाल चिखलात नुसती शेंड्यापुरती वर. मी बांधावर उभा, चपलेला तोच चिखल. ती मला काही बोलली नाही, चहाला मात्र थांबवून घेतलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

म्हणून सांगतो, तुमच्या सभेत बिल्डरला शिव्या द्या, पण त्याला जमीन विकतो कोण तेही बघा. पुष्कळदा आपल्यातलाच कोणी. माडावर चढायला पाडेली मिळत नाही, पोफळीवर रोग, पोरगा गोव्याबाहेर. त्याच्या ओट्यावर जाऊन बसा आधी. तो तुमच्या व्हिडिओत शोभणार नाही, पण बाजूच्या सड्याचा सर्वे नंबर त्यालाच पाठ असतो.

आणि रविवारच्या ग्रामसभेला ये. मैदानात शंभर जण टाळ्या देतात; ग्रामसभेत आपण वीस जण असतो, त्यातले पाच पेंगतात. पण ठराव तिथं होतो. अर्ज केला की ३९-अ कलमाखाली जमिनीचा झोन बदलू शकतो आणि हरकतीला ३० दिवस मिळतात, हे आपल्या वाड्यावर कितीजणांना ठाऊक आहे? आईला नव्हतं. मलाही तुझ्या फलकामुळं कळलं, खरं सांगायचं तर.

फलकाचे पैसे कोणी दिले ते एकदा विचारून घे. राजकारण वाईट म्हणून नव्हे. तू ज्या अर्ध्या तिकिटावर कदंब बसमध्ये बसतेस, ते सत्तरच्या दशकाअखेर विद्यार्थ्यांनी रस्त्यावर उतरूनच मिळवलं. पण तेव्हाही आयत्या वेळी पुढे येऊन हार घालून घेणारे होते, असं आजोबा सांगायचे.

चतुर्थीला दोन दिवस आधी ये. गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान, रानातली फळं-फुलं, आणायला सड्यावर जाऊ. गेल्या वर्षी कांगलं, ते माटोळीचं रानफळ, मिळालं होतं ती जागा कुंपणात गेलीय. पलीकडून वाट आहे का बघायला हवं.

तुझा,
बाबा

ता. क. हरकतीच्या दोन प्रती काढ. आपल्या प्रतीवर आवक शिक्का मारून घे. "साहेब जेवायला गेलेत" म्हणतील. बसून राहा.