संकेतस्थळाची परवानगी चित्रीकरणाआधीच घ्या

मराठवाड्यातील तरुण गायक-वादकांसाठी दूरचित्रवाणी कार्यक्रम आणि त्याच्या जोडीला संकेतस्थळ काढण्याच्या बेताची बातमी वाचली. बेत मनापासून आवडला. मात्र ‘आधी भाग दाखवू, संकेतस्थळाचे नंतर पाहू’ हा क्रम बदलायला हवा. टीव्हीवर गाणे वाजवण्याचा परवाना इंटरनेटवर आपोआप लागू होत नाही. कॉपीराइट कायद्यातील कलम ३१-ड चा वैधानिक परवाना (म्हणजे हक्कदाराची वेगळी संमती न घेता, ठरलेले मानधन भरून गाणे प्रसारित करण्याची मुभा) इंटरनेटला लागू नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून गीतकार, संगीतकार, गायक आणि प्रत्येक वादकाची लेखी संमती दोन्ही माध्यमांसाठी एकदमच घ्यावी. कलाकार १८ वर्षांखालील असल्यास पालकांची सही हवी. करारात मुदत लिहावीच. ती नसेल तर कायदा ५ वर्षेच धरतो आणि पुढे जुने भाग उतरवण्याची वेळ येते. संत एकनाथांच्या भारुडाचे शब्द सर्वांना खुले आहेत, पण पैठणच्या एखाद्या मुलाने त्याला लावलेली नवी चाल त्याच्या मालकीची असते, हे निर्मात्यांकडून हमखास सुटते. शिवाय बारावीनंतर ही मुले पुण्या-मुंबईला पांगतात. मग एका ढोलकीवाल्याच्या सहीसाठी अख्खा भाग अडतो.

– एक ध्वनिमुद्रक, परभणी