मदतीच्या पैशांवर कर नको

मा. संपादक,

स. न. वि. वि.

मोबाइलवरून पैसे पाठवण्याच्या सेवांबद्दल वर्तमानपत्रांत येतात ते बहुधा उलाढालीचे आकडे. ते पैसे कोण पाठवतो, कोणाला आणि कोणत्या वेळी, याबद्दल फारच कमी लिहिले जाते. खरे महत्त्व त्यालाच आहे असे मला वाटते, म्हणून हे पत्र.

केनियात सफारीकॉम कंपनीने मार्च 2007 मध्ये एम-पेसा ही अशी सेवा सुरू केली. (पेसा हा आपल्या पैशाचाच भाऊ.) त्याआधी 2005 मध्ये चाचणी झाली ती छोट्या कर्जांचे हप्ते फेडण्यासाठी. पण लोक त्यावरून एकमेकांना पैसे पाठवू लागले. कंपनीने हे हेरले आणि ‘घरी पैसे पाठवा’ असे म्हणतच सेवा बाजारात आणली. फोन साधा बटणांचा चालतो, इंटरनेट लागत नाही, बँकेत खाते नसले तरी अडत नाही. एजंटाकडे रोख भरायची, आणि पलीकडच्या गावातला एजंट ती काढून देतो. पूर्वी हेच पैसे बसचालकाच्या नाहीतर गावी निघालेल्या ओळखीच्या माणसाच्या हाती द्यावे लागत, आणि ते पोचल्याचे कळेपर्यंत जिवाला घोर असे.

विल्यम जॅक आणि तवनीत सुरी या अर्थतज्ज्ञांनी केनियातल्या घरांची पुन्हा पुन्हा पाहणी केली. आजारपण आले, पीक बुडाले, काम सुटले की एम-पेसा नसलेल्या घरांचा खर्च सुमारे 7 टक्क्यांनी खाली यायचा. एम-पेसा असलेल्या घरांचा येत नसे, कारण त्यांना अधिक जणांकडून आणि अधिक पैसे येत. याच दोघांनी 2016 मध्ये असा अंदाज मांडला की या सेवेमुळे 1,94,000 कुटुंबे, म्हणजे देशातली 2 टक्के, दारिद्र्यातून वर आली. या अंदाजावर इतर अभ्यासकांनी आक्षेपही घेतले आहेत. त्या वादात मी शिरत नाही. अडीनडीला नातलगांचा हात लवकर पोचतो, एवढे मला पुरेसे आहे. ज्यांना विमा परवडत नाही त्यांचा विमा म्हणजे ही नातीच.

मात्र या विम्याचा हप्ता कोणीतरी भरत असतो. बांगलादेशात ढाक्यात कामाला आलेल्या आणि त्यांच्या गावाकडच्या अतिशय गरीब कुटुंबांना बीकॅश ही तिथली अशीच सेवा वापरायला शिकवून एक अभ्यास झाला. गावाकडे जाणारे पैसे वाढले, टंचाईच्या महिन्यांत घरात खर्चाला पैसा राहिला, कर्जे कमी झाली. शहरातल्या कमावत्या माणसांची बचतही वाढली, पण आपली तब्येत आणि मन:स्वास्थ्य बिघडल्याचे त्यांनी सांगितले. हे वाचून मी थांबलो. मीही अनेक वर्षे घरापासून दूर राहून पैसे पाठवले आहेत. पैसे क्षणात पाठवता येतात हे घरी माहीत झाले की ‘पुढच्या आठवड्यात बघतो’ म्हणायची सोय राहत नाही. नाही म्हणवत नाही, आणि म्हणावेसेही वाटत नाही. मग स्वत:च्या खर्चाला कात्री लागते.

अशा पैशांवर सरकारांनी कर बसवावा याचा मला संताप येतो. युगांडाने जुलै 2018 मध्ये मोबाइलवरच्या प्रत्येक व्यवहारावर 1 टक्का कर लावला. लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा तो फक्त पैसे काढण्यावर आणि अर्धा टक्का केला गेला. घानाने मे 2022 मध्ये 1.5 टक्के कर आणला आणि 2025 मध्ये तो रद्द केला. हा कर ना नफ्यावर होता ना चैनीवर. भावाने भावाच्या औषधाला पाठवलेले पैसेही त्यातून सुटत नव्हते. घानात दिवसाला 100 सेडींपर्यंत (सेडी हे तिथले चलन) सूट होती हे खरे, पण आजारपणाचा खर्च अशा मर्यादा पाळत नाही.

झटपट कर्जाचेही तसेच. केनियात 2012 पासून त्याच फोनवर 30 दिवसांचे कर्ज मिळू लागले, शुल्क 7.5 टक्के. महिन्याचे 7.5 म्हणजे वर्षाचे 90. पाठोपाठ कर्ज देणारी कितीतरी अॅप आली, आणि मध्यवर्ती बँकेला त्यांच्यावर लगाम घालण्याचा अधिकार देणारा कायदा थेट 2021 च्या अखेरीस झाला. ज्या फोनवर बहिणीची मदत येते त्याच फोनवर कर्जाचा तगादाही येतो, तेव्हा आलेली मदत कोणाच्या खिशात जाते हे सांगायला नको.

मार्च 2020 मध्ये, महासाथीच्या सुरुवातीला, केनियात 1,000 शिलिंगांपर्यंतचे पैसे पाठवण्याचे शुल्क माफ झाले होते. 2020 संपताच ती सवलत संपली. छोट्या रकमा फुकट पाठवू देऊनही सेवा चालू राहिली, बंद पडली नाही. जिथे जिथे या सेवा आहेत तिथे किमान एवढी सवलत कायमची मिळावी, आणि या रकमा काढतानाही शुल्क किंवा कर घेऊ नये. आपल्या दैनिकाने ही मागणी लावून धरावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक