गुन्ह्याच्या नाटकाला गुन्हेशास्त्राचा लेखक हवा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

हौशी मराठी राज्य नाट्य स्पर्धेचे सोलापूर केंद्र असो की इथल्या तरुणांचे लघुपट, खून, अफरातफर, सावकारी हे विषय पुन्हा पुन्हा येतात. नेपथ्य, प्रकाश, अभिनय यांवर जीव तोडून मेहनत होते आणि पहिला फौजदार रंगमंचावर आला की संहिता ढासळते. दुसरीकडे गुन्हेशास्त्र शिकलेल्या मुलामुलींना पोलीस भरती, कारागृह विभाग, न्यायवैद्यक प्रयोगशाळा एवढ्याच वाटा दाखवल्या जातात. रंगभूमीसाठी आणि पडद्यासाठी गुन्हेकथा लिहिणे हा त्यांचा हक्काचा पेशा आहे, हे कोणी सांगत नाही.

आज अशा अभ्यासकाला बोलावतात ते संहिता पुरी झाल्यावर. तो कलमांचे आकडे दुरुस्त करतो आणि काम संपते. खरे तर त्याची गरज कथा एका ओळीत असते तेव्हाच असते. त्याने आधी दोन कागद तयार करावेत. एकावर घड्याळाप्रमाणे गुन्हा: कोण कुठे होते, काय केले, मागे काय राहिले. दुसऱ्यावर तपास: कोणाला काय, कधी आणि कशावरून कळले. या दोन कागदांमधले अंतर म्हणजेच नाटक. पहिला कागद पक्का नसेल, तर तिसऱ्या अंकात योगायोगाची ठिगळे लावावी लागतात.

गुन्हेगाराच्या तोंडचे संवाद हे तर या शास्त्राचे खास देणे. साइक्स आणि मॅट्झा या अभ्यासकांनी १९५७ साली गुन्हा करणारा मनाला कशी सूट देतो याचे पाच प्रकार मांडले. ते आपल्या बोलीत असे येतील: ‘वेळच तशी आली, मी काय करू?’, ‘त्याला काय कमी पडलं एवढ्यानं?’, ‘तो त्याच लायकीचा होता’, ‘पोलीस तरी कुठले साव?’, ‘धाकट्या भावासाठी केलं’. पाच वाक्ये, पाच वेगळी माणसे. डोनाल्ड क्रेसी यांनी तर तुरुंगातल्या अफरातफर करणाऱ्यांशी बोलून १९५३ मध्ये दाखवले की कोणाला सांगता न येणारी पैशाची अडचण, हातात असलेली संधी आणि ‘उसने घेतलेत, परत ठेवीन’ ही मनाची समजूत, अशी तिन्ही जुळली की विश्वासातला माणूस तिजोरीला हात घालतो. पतसंस्थेच्या रोखपालावर नाटक लिहिणाऱ्याला याहून चांगला पहिला अंक कुठे मिळणार? खदाखदा हसणारा खलनायक लागतच नाही.

आता नेहमीच्या चुका. ‘अंग अजून गरम आहे, म्हणजे तासाभरापूर्वीच खून झाला’ हे वाक्य सोलापूरच्या मे महिन्यात टिकत नाही. पारा चाळिशीपार गेला की भोवतालची हवाच शरीराच्या ३७ अंशांहून तापलेली असते. मृतदेह गार होणार कसा? मृत्यूनंतर अंगाला येणारी ताठरताही उन्हाळ्यात लवकर येते आणि लवकर उतरते. रक्ताने भिजलेले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबताना दाखवतात. ओल कोंडून बुरशी धरते आणि डीएनए खराब होतो. म्हणून ते सावलीत वाळवून कागदी पाकिटात, लाखेचे सील आणि पंचांच्या सह्यांचे लेबल लावून ठेवतात. क्लोरोफॉर्मच्या रुमालाने माणूस क्षणात कोसळत नाही. आरोपीच्या संमतीशिवाय नार्को चाचणी करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितले आहे. खुनाचे जुन्या भारतीय दंड संहितेतले ‘कलम ३०२’ आजच्या कथेत चालणार नाही. १ जुलै २०२४ पासूनच्या खुनाला भारतीय न्याय संहितेचे कलम १०३ लागते. त्याआधीच्या घटनेला मात्र ३०२च.

सगळ्यात मोठी चूक कबुलीजबाबाची. पोलीस ठाण्यात आरोपी रडत सगळे कबूल करतो आणि पडदा पडतो. पोलिसांपुढची ती कबुली न्यायालयात त्याच्याविरुद्ध शाबीत करता येत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ नुसार, कोठडीतल्या आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी थेट जोडलेला भाग तेवढा चालतो. म्हणून आरोपीचे सांगणे पंचांसमोर लिहून घेणारा निवेदन पंचनामा होतो, आरोपी पुढे, पोलीस आणि दोन पंच मागे, आणि विहिरीतून कोयता निघतो. पुढे खटला उभा राहीपर्यंत अनेकदा तेच पंच फितूर होतात. हा प्रसंग रंगमंचासाठीच घडवल्यासारखा आहे: ओळख ना पाळख अशी दोन साधी माणसे, एक कागद आणि सहीची भीती. पडद्यावर विहीर दाखवता येते, रंगमंचावर ती पंचाच्या डोळ्यांत दिसायला हवी. लेखक हे सोडून पिस्तूल का काढतात, कळत नाही.

या पेशात येऊ पाहणाऱ्यांनी सत्र न्यायालयांचे निकाल वाचावेत. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर ते मिळतात. कोणता साक्षीदार काय म्हणाला, कोणती निशाणी (पुरावा म्हणून दाखल झालेला कागद किंवा वस्तू) टिकली, संशयाचा फायदा कशामुळे मिळाला, हे टिपावे. आपले हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृह स्वातंत्र्यलढ्यातल्या ज्या चौघा सोलापूरकरांची आठवण जपते, ते १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फासावर गेले तेही खटल्याच्या निकालानेच. खटल्याचा कागद काय करू शकतो, हे या शहराला वेगळे सांगायला नको.

खऱ्या घटनेवरून लिहिताना बलात्कार पीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. नाव बदलून गल्ली आणि शाळा तीच ठेवली तरी ओळख पटतेच. बालकांच्या बाबतीतही कायदा असाच कडक आहे. नाटकाची संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे ती पाठवण्याआधी हे तपासावे.

शहरातील नाट्यसंस्थांना विनंती की, तालमी सुरू होण्याआधी संहितेचे एक वाचन गुन्हेशास्त्राचा अभ्यासक, निवृत्त फौजदार आणि फौजदारी वकील यांच्यासमोर करावे. दोन-तीन तास पुरतात. आणि त्या अभ्यासकाचे नाव ऋणनिर्देशात नव्हे, लेखनात द्यावे, मानधनासह.

आपला,
गुन्हेशास्त्राचा एक अभ्यासक, सोलापूर