मैदान मोजलंत, आता मुलीही मोजा

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

बावीस वर्षं मी शाळेत खो-खो शिकवते आहे. दरवर्षी यूडायसची, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदीची, माहिती भरताना ‘मैदान : आहे’ असं लिहिते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत मैदान हवं, मुलामुलींची स्वच्छतागृहं वेगळी हवीत, असं स्पष्ट आहे. स्वच्छतागृहं झाली आणि आमच्या सातवी-आठवीच्या मुलींच्या दांड्या कमी झाल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं. कायद्याने फरक पडतो तो असा. पण मैदानावर खेळतं कोण, हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही. आधीच्या एका शाळेत मधोमध क्रिकेटची खेळपट्टी होती. आमचे खांब कडेच्या खडीत. मुलींचे गुडघे सोलून निघायचे.

अमेरिकेत 23 जून 1972 रोजी ‘टायटल नाइन’ या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची सही झाली. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने बाई म्हणून कुणाला वगळायचं नाही, हे त्याचं सार. मूळ कलमात खेळाचा शब्दही नाही! त्यासाठी झटलेल्या खासदार पॅट्सी मिंक यांना तरुणपणी वैद्यकीय महाविद्यालयांनी प्रवेश नाकारला होता. कायदा झाला तेव्हा तिथल्या हायस्कुलांत तीन लाखांहून कमी मुली खेळत, आज तीस लाखांहून जास्त खेळतात.

नुसत्या सहीने हे झालं नाही. येल विद्यापीठात वल्हवणाऱ्या मुलींना सरावानंतर अंघोळीची सोय नव्हती. थंडीत ओल्या कपड्यांनी त्या बसमध्ये अंघोळीला गेलेल्या मुलांची वाट पाहत बसत. 1976 मध्ये 19 जणींनी उघड्या अंगावर ‘टायटल नाइन’ लिहून क्रीडा विभागाचं दालन गाठलं, तेव्हा सोय झाली. पुढे 1994 च्या कायद्याने तिथल्या महाविद्यालयांवर खेळाडू मुलं किती, मुली किती, खर्च कुणावर किती, हे दरवर्षी जाहीर करण्याचं बंधन आलं.

साहेब, मला तेवढंच हवंय. राज्याने प्रत्येक शाळेकडून तीन आकडे मागावेत : नियमित खेळणारी मुलं आणि मुली, दोघांवरचा खर्च, दोघांना मिळणारा मैदानाचा वेळ. ते शाळेच्या फलकावर लागावेत.

जानेवारी 2025 मध्ये प्रियंका इंगळेच्या भारतीय महिला संघाने खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकला. त्या आठवड्यात माझ्याकडे अकरा नव्या मुली आल्या. तिघी टिकल्या. बाकीच्यांना सरावानंतर गावी जायला एसटी नव्हती.

आपली,
एक क्रीडाशिक्षिका